डावीकडची चार बोटं

॥ श्री ॥

घोटावडे,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. आक्कास,

हैबतरावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. आम्ही सर्व खुशाल. हरभरा घरात आला. तू दिलेल्या लेपानं सौ.च्या गुडघ्याची सूज बरीच उतरली आहे, पण ती त्याचं श्रेय पौडच्या वैदूला देते.

दाजींनी धुवावा म्हणून फिल्मचा रोल कुशाबाच्या हाती पाठवतो आहे. तो तांदूळ घेऊन पुण्याला येतोच आहे. रोलवर आठ फोटो आहेत. सात माझ्या नेहमीच्या नादाचे, आठवा कामाचा. कुशाबाची तुळजा तुला आठवत असेल. माझ्याकडे चौथी पास झाली, पुढं तिच्या आईनं, साळूबाईनं, तिला घरी ठेवली. तिला ताम्हिणीच्या बहिरूच्या मुलाचं, नथूचं, स्थळ आलं आहे. तो मुंबईला बर्फाच्या कारखान्यात असतो. बहिरू येऊन मुलगी पाहून गेला, पसंत म्हणाला. पण लग्नापर्यंत रजा नाही आणि फोटो पाहिल्याशिवाय होकार नाही, असं नथूनं कळवलं. कुशाबा तापला. म्हणाला, म्हस बी कुनी फोटू बगून घेत न्हाई, मास्तर! मी त्याची समजूत घातली.

सकाळी आठच्या उन्हात, गोठ्याच्या कडेला फोटो घेतला. सौ.चं हिरवं लुगडं आणि नथ तुळजाला दिली होती. डावीकडं त्यांची चांदी म्हैस येऊन उभी राहिली ती हलेचना. तुळजानं तिला पारडी असल्यापासून वाढवली आहे. मग मी तिला तशीच राहू दिली. मला तर वाटतं, फोटोला जिवंतपणा आला आहे तो तिच्यामुळेच. पोस्टकार्ड आकाराच्या तीन प्रती हव्यात.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्यात या तीन प्रतींची भर घालावीस.

तुझा,
हैबतराव

॥ श्री ॥

पुणे,
ता. १७ फेब्रुवारी १९५८

चि. हैबतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. रोल मिळाला. दाजींनी त्याच दिवशी धुतला. तुझ्या सात फोटोंपैकी दोन बांधाचे, एक तुझ्याच सावलीचा आणि एक शाळेच्या बंद दाराचा. दाजी म्हणतात, दाराचा फोटो काढायचाच तर निदान उघडं असताना काढावा.

आठवा मात्र छान आला आहे. पोर कशी ताठ उभी आहे! तिचं तोंड मी शिसपेन्सिलीनं साफ केलं. निगेटिव्हवर दोन दिवस भिंग लावून बसले होते. इतकं सुबक काम बऱ्याच दिवसांत माझ्या हातून झालं नव्हतं. म्हशीला मात्र हात लावला नाही. तुझा जीव तिच्यात अडकलेला दिसला.

तीन प्रती कुशाबाच्या हाती देते आहे. सौ.ला म्हणावं, वैदूलाही माझा नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशी ठेव, पत्र मात्र थोडं लवकर धाडत जा.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

घोटावडे,
ता. २३ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. आक्कास,

शि. सा. नमस्कार. हे पत्र लिहिण्याआधी तीनदा फाडलं, म्हणून उशीर.

तुळजाला पाचव्या वर्षी देवी आल्या होत्या. गालांवर आणि कपाळावर वण आहेत. ते गावाला ठाऊक आहे, बहिरूलाही ठाऊक आहे. नथूला मात्र ठाऊक नाही. आणि तू पाठवलेल्या फोटोत एकही वण नाही.

कुशाबानं फोटो आणले तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर होतो. साळूबाईनं फोटोवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. तुळजानं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ही कोन? सगळे हसले. मला हसू आलं नाही. बहिरूही आलेला होता, त्याला दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं. त्यानं एक प्रत बंडीच्या खिशात घातली. आक्का, तेव्हा मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. आपण परके, शुभकार्यात खोडा का घाला, असं मनाला सांगत घरी आलो. चार दिवस डायरीत त्याच एका गोष्टीवर लिहितो आहे आणि रोज स्वतःला नवी सबब सापडते.

उद्या अंतरपाट दूर झाला आणि नथूनं मांडवातून पाय मागं घेतला तर? तू पुण्यात, मी शाळेत. बोल लागणार तो पोरीला.

रागावू नकोस, पण विचारतो. फोटो मी काढला, तो तुला विश्वासानं पाठवला. त्याच्यात फेरफार करायची परवानगी तुला कुणी दिली? मी काढलेल्या फोटोला माझ्याखेरीज कुणी हात लावू नये, असं मला वाटतं. पेन्सिल पुसून खरा फोटो पाठव. नथूला मी स्वतः लिहितो.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
हैबतराव

॥ श्री ॥

पुणे,
ता. २ मार्च १९५८

चि. हैबतीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नाव हैबतराव आणि बहिरूच्या बंडीपुढं हैबत खाल्ली!

आता माझं ऐक. लुगडं तुझ्या बायकोचं, नथ तिची. आठचं ऊन तू निवडलंस, गोठ्याच्या कडेची जागाही तूच निवडलीस. पोरीच्या डोक्यावर रोज चाऱ्याचा भारा असतो, तो फोटोत दिसला नाही. तू कॅमेऱ्याला डोळा लावायच्या आधी केलंस ती कारागिरी आणि मी नंतर केलं तो फेरफार? मागं तुमच्या हेडमास्तरांच्या फोटोत टकलावर मी केस रंगवून पाठवले, तेव्हा तू पोट धरून हसल्याचं लिहिलं होतंस. त्या वेळी परवानगी आठवली नाही.

हे झालं भांडण. आता दुसरं. माझ्या तोंडावरचे वण तू जन्मापासून पाहतोस, म्हणून तुला ते दिसतच नाहीत. माझ्या लग्नाच्या वेळी तू नऊ वर्षांचा होतास, तुला कुणी सांगितलं नसेल. आबांनी मला पुण्यात आणून फोटो काढवला आणि सासवडच्या एका स्थळाला धाडला. फोटोत माझं तोंड लोण्यासारखं. ते लोक पाहायला आले, मला पाहिलं आणि चहासुद्धा न घेता उठले. तीन महिने मी आडावर गेले नाही. ज्या पोरसवदा कारागिरानं तो फोटो साफ केला होता त्याच्या कानावर हे गेलं. त्यानं मामाकरवी निरोप धाडला, मुलीचा एकेक वण मी भिंगातून पाहिला आहे, मला चालेल. तेच तुझे दाजी.

तेव्हा वण दिसला की माझा हात आपोआप जातो. कुणाला विचारायला थांबत नाही. सासवडचे लोक उठून गेलेले मला आठवतात आणि तरी मी हेच केलं. ते चुकलं. मान्य करते.

पण फोटो तुझा म्हणतोस, तेही मला पटत नाही. तोंड कुणाचं आहे? तू तिला विचारलं नाहीस, मीही नाही. पेन्सिल टर्पेंटाइननं तासाभरात पुसता येते. तुळजाला विचार आणि मला लिही. ती सांगेल तेच करीन, तू सांगितलेलं नव्हे.

सौ.ला व मुलांना आशीर्वाद. भांडून झालं की माझी भूक वाढते आणि मायाही.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

घोटावडे,
ता. ९ मार्च १९५८

ती. सौ. आक्कास,

शि. सा. नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. दाजींकडं आता पहिल्यासारखं पाहता येणार नाही. त्यांना हे सांगू नकोस, लाजतील.

आज सकाळी कुशाबाकडं गेलो आणि सगळं सांगितलं. साळूबाई माझ्यावर उसळली. म्हणाली, मास्तर, वण काय तुमच्या तोंडावर हायेत? पोरीचं जमतंय तर जमू द्या की! कुशाबा तंबाखू मळत राहिला. तेवढ्यात तुळजा भारा टाकून आली. मी तिलाच विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, वण ऱ्हाऊ द्या, गुरुजी. लगीन झाल्यावर त्यांना दिसनारच हायेत, मग आदीच दिसल्यालं बरं. न्हाई म्हनायचं तर आताच म्हनू द्या. साळूबाई रडायला लागली, तशी तिला म्हणाली, आये, तू मला रोज बगतीस, तुला कदी भ्या वाटलं का?

मी उठणार एवढ्यात तुळजा म्हणाली, पर ती म्हस तेवडी काडा. मुंबईची मानसं इचारतील, दोगीतली नवरी कंची?

मी चांदीच्या बाजूनं पुष्कळ बोललो. तिच्यामुळं फोटोला तोल कसा आला आहे, काळ्या रंगापुढं हिरवं लुगडं कसं उठून दिसतं, सगळं सांगितलं. पोर शांतपणे म्हणाली, तुमाला म्हस आवडती तर तिचा येगळा फोटू काडा. कुशाबा तंबाखूसकट हसला.

तेव्हा पेन्सिल पुसावी आणि डावीकडची चार बोटं जागा झाकून एक प्रत द्यावी. हे लिहिताना हात जड झाला, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण फोटो तिचा आहे. नथूला मी लिहिणार नाही. मागच्या बाजूला दोन ओळी ती स्वतः लिहिणार आहे.

काय होईल ते होवो. आशीर्वाद असू द्यावेत, या वेळी तुळजालाही.

तुझा,
हैबतराव

॥ श्री ॥

पुणे,
ता. १६ मार्च १९५८

चि. हैबतीस,

अनेक आशीर्वाद. सोबत प्रत आहे. पेन्सिल पुसली. खरं सांगू, पुसल्यावर डोळे जास्त बोलके दिसायला लागले. माझ्या कामानं ते दबले होते, हे मला कळलंच नव्हतं.

म्हैस झाकली आहे. निगेटिव्हला कात्री लावली नाही, काळ्या कागदाची पट्टी ठेवून छापलं. कापलेलं परत जोडता येत नाही, एवढं दाजींनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. निगेटिव्ह माझ्या डब्यात आहे, वर तुळजाचं नाव लिहिलं आहे. तुझं नाही.

उत्तर येईल तसं एक कार्ड टाक. दाजी रोज टपालवाल्याला विचारतात आणि मला म्हणतात, तुझ्या भावाच्या म्हशीचं काय झालं?

वाट पाहणारी,
आक्का

॥ श्री ॥

मुंबई,
ता. २४ ऑगस्ट १९५८

ती. गुरुजींना व काकूंना,

तुळजाचा पाया पडून नमस्कार. वैशाखात लगीन झाल्यापासून तुमाला पत्र लिहीन म्हनत होते. शुद्ध लिहायचं बगते, पर शाळा सुटून लई वर्सं झाली, तवा रागावू नका.

मी बरी आहे. आमी दोगं एका खोलीत ऱ्हातो. हे कारखान्यातनं येताना कदी कदी बर्फाचा खडा आनतात. हात गार पडतात, पर मला गंमत वाटते.

तुमी लग्नात मांडवाच्या मागं घाम पुसत हुता ते मी अक्षतांच्या वेळी बगितलं हुतं. भ्या मलाबी वाटत हुतं. अंतरपाट काडला तवा ह्यांनी माज्याकडं बगितलं आन हळूच म्हनले, फोटूवाली आली. मागनं मी इचारलं, कंच्या फोटूवाली? तर म्हनले, पयला फोटू मी कारखान्यात समद्यांना दावला. दुसरा कुनालाच दावला न्हाई, पेटीत ठेवला. तुज्या हातचं लिवल्यालं वाचलं आन आमच्या बाला कळवलं, हीच पायजे.

पयला फोटू सासूबाईंनी ताम्हिणीला नेला. येनाऱ्याजानाऱ्याला दावून सांगतात, आमची सून देवी यायच्या आदी अशी हुती. तवा मी पाच वर्सांची हुते, पर त्यांना कोन सांगनार? त्यांना त्यात सुख हाय तर असू द्या. दुसरा हितं देवाच्या फळीजवळ लावलाय.

आता एक मागनं हाय. माफ करा, मीच नको म्हनले हुते. हितं दूध भांड्यात घेतलं की तळ दिसतो. परवा रस्त्यानं एक म्हस चालली हुती, मी उगंच तिच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेले. हे हसले. तर पुण्याच्या आक्कांना इचारा, त्यांनी ती चार बोटं टाकून तर दिली न्हाईत? असली तर चांदीला परत घालून एक फोटू पाठवा. वण तसंच ऱ्हाऊ द्या.

ह्यांना आदीच सांगून ठेवलंय, दोगीतली नवरी कंची ते तुमी वळखा.

माया केलीत तशी करत ऱ्हावा.

तुमची,
तुळजा

ता. क. आयेला म्हनावं मी रडत न्हाई. चांदीला काई सांगू नका, तिला काय कळनार. नुसता डावा कान खाजवा.