जाड्या पाहुण्याची शिंगं

लून नॅरोज, १४ जून १९८३

चि. मार्सेला हीस सोलोमनमामाचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आत्ता घे, उरलेले माझा राग उतरल्यावर.

तुझ्या पार्सलावर दोन डॉलर दहा सेंटची तिकिटं होती. ते खरं कितीला पडलं ते ऐक. टपालवाल्या गसनं नेहमीसारखं विमान तळ्याच्या पाण्यावर उतरवलं, धक्क्याला लावलं, टपालाची पिशवी बाहेर ठेवली आणि तिच्यावर तुझं पार्सल. पार्सलावर वीतभर लाल अक्षरांत आजीच्या गोष्टीतल्या त्या राक्षसाचं नाव! जून महिन्यात! जमिनीवर बर्फाचा कण नसताना! धक्क्यावरची माणसं अशी काही मागे सरली, की म्हातारा अल्फियस सरळ पाण्यात. तीन दिवस पार्सलाला कुणी हात लावला नाही, आणि पार्सल पिशवीवर होतं म्हणून पिशवीलाही नाही. मामीनं मागवलेलं लोणी आतल्या आत वितळलं. या आठवड्यात गावातल्या प्रत्येक पत्राला लोण्याचा वास आहे. शेवटी मीच वल्ह्यानं ढकलत ढकलत ते दुकानात आणलं, तर पायरीवर वल्हं मोडलं. तेव्हा एकूण खर्च: अल्फियसचा एक बूट, माझं एक वल्हं, चार पौंड लोणी, आणि अल्फियस माझ्याशी बोलत नाही तो वेगळा.

वल्ह्यानं ढकललं ते भीतीनं नव्हे. वाकलं की माझी कंबर धरते.

अगं, तू आजीच्या मांडीवर वाढलेली. त्याची गोष्ट बर्फ असेपर्यंतच सांगायची, आणि बर्फ गेला की नावसुद्धा तोंडाबाहेर काढायचं नाही, उन्हाळ्यात त्याला ऐकू जातं, हे तुला मी सांगावं? मी स्वतः यातलं काही मानत नाही. फुटकी होडी आणि उसनी कुऱ्हाड एवढ्यावर ज्यानं दुकान उभं केलं, त्याला असल्या गोष्टी मानायला वेळ नसतो. इथे त्याचं नाव लिहीत नाही ते केवळ मामी पत्र वाचते म्हणून.

पार्सलातलं तुझं चित्रांचं पुस्तक पाहिलं. आजीनं मंजुरीचं पत्र दिलं तरच कंपनी तू म्हणतेस तसं छापणार, हेही वाचलं. काळजी सोड. या तळ्यावर माझ्या शब्दाला वजन आहे. आठ दिवसांत मंजुरी पाठवतो. इतकंच काय, दुकानासाठी बारा फुटी पाटी करायला टाकली आहे. तुझं पुस्तक निघालं की तिच्यावर त्याचं, हो, त्या राक्षसाचंच नाव दोन-दोन फुटी अक्षरांत मी स्वतःच्या हातानं रंगवणार. मासे धरायला येणारे अमेरिकन रांग लावतील.

लोभ आहे तसाच राहू दे. लोणी सोडलं तर बाकी काही बिघडलेलं नाही.

तुझा,
सोलोमनमामा

टोरांटो, २५ जून

ती. सोलोमनमामा यांस, अल्फियसकाकांच्या हरवलेल्या बुटालासुद्धा, सा. न. वि. वि.

मामा, ते लेबल मी लावलं नव्हतं. कंपनीतल्या कारकुनानं लावलं. मला कळलं तेव्हा गसचं विमान उडालेलं होतं. अल्फियसकाकांना नवीन बूट पाठवते आहे. माप आठवत नाही, म्हणून मोठेच घेतले.

दोन वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या चित्रांतले ढग रंगवते आहे. निळा ढग, काळा ढग, स्फोटाचा ढग. हे पहिलं पुस्तक माझं. आजीनं हिवाळ्यात सांगितलेला तो जसाच्या तसा मी काढला होता: हाडांचा सापळा, भुकेनं स्वतःचेच ओठ चावून खाल्लेला, आणि जितकं खाईल तितका उंच होणारा, म्हणून पोट कधीच न भरणारा. आमचे संपादक प्रेंटिस साहेब म्हणाले, एवढा मरतुकडा राक्षस कोण विकत घेणार? मग त्यांनी चित्रात त्याचे दंड फुगवले, छाती फुगवली, वर मूस हरणाची शिंगं लावली. मी भांडले. तेव्हा म्हणाले, तुझ्या आजीला विचारू या, ती म्हणेल तसं. पण पत्र पंधरा ऑगस्टला माझ्या टेबलावर हवं, नाहीतर मी म्हणतो तसं.

आणि ते म्हणतात तसं छापणार असतील, तर त्यावर माझं नाव घालू देणार नाही. म्हणजे पुन्हा ढग. एवढंच मागणं आहे, मामा.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
मार्सेला

लून नॅरोज, ८ जुलै

चि. मार्सेला हीस आशीर्वाद, या खेपेला पुरे.

आठ दिवस म्हणालो होतो, थोडे जास्त लागताहेत. परवा आजीकडे गेलो. ती मासे धुरावर टांगत होती. हात धुतले, चष्मा लावला, आणि तुझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. मी म्हटलं, आई, ओळखलंस का कोण ते? तर म्हणाली, ओळखलं की, हा गेल्या साली आलेला मिनेसोटाचा पाहुणा, ज्यानं तुझं लाइफ जॅकेट परत केलं नाही. मी म्हटलं, अगं नीट बघ. म्हणाली, नीटच बघते आहे, एवढं मांस अंगावर असलेला माणूस तळ्यावर दुसरा आला नाही. मग शिंगांवर बोट ठेवून विचारलं, हा मूसचा जावई का? दरवाज्यातून आत कसा शिरतो? आणि पोटभर जेवून आल्यासारखा दिसतो, मग प्रत्येक पानावर ओरडतोय कशाला?

थोडक्यात, चित्रातल्या बाबाशी तिचं भांडण आहे, पण तो कोण ते ती बोलत नाही. मंजुरीचं काढलं तर म्हणते, कशाची मंजुरी? मला काही माहीत नाही. बर्फ पडल्यावर ये. मी पंधरा ऑगस्टचं सांगितलं. म्हणाली, ही तारीख बर्फाला कळवली आहे का?

गावभर आता त्याला जाड्या पाहुणा म्हणतात. परवा नर्सबाईनं विचारलं की हा कुठला पाहुणा, तो वजन करून घ्यायला का येत नाही.

तू खचू नकोस. माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक आत्ता सांगत नाही. दुसरा असा: आजीची सही म्हणजे आपल्या लोकांच्या जुन्या लिपीतली तीन अक्षरं. मी डोळे मिटून करीन.

माया ठेव, आणि कळव सही करू का ते.

सोलोमनमामा

टोरांटो, १९ जुलै

ती. मामांना नमस्कार, आणि त्यांच्या उजव्या हाताला बजावणं की त्यानं सही करू नये.

मामा, सही तुमची आणि पुस्तक माझं, असं झालं तर मी आजीसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? ढग रंगवीन, पण ते नको.

मी प्रेंटिस साहेबांना खरं ते सांगितलं, की बर्फाशिवाय आजी बोलणार नाही. ते म्हणाले, एवढंच ना? आणि सिनेमावाल्यांकडून खोट्या बर्फाची दोन पोती मागवली. मला हसू आवरेना, पण त्यांना यात काही गमतीचं दिसलं नाही. पोती गसच्या विमानानं येतील. लेबल मी स्वतः तपासलं आहे, त्यावर काहीही लिहिलेलं नाही.

तुमचा पहिला उपाय कोणता ते न कळवल्यामुळे झोप नीट लागत नाही. जीव लावता तसाच लावत राहा.

मार्सेला

लून नॅरोज, २ ऑगस्ट

चि. मार्सेला हीस थकलेल्या मामाचे आशीर्वाद.

पहिला उपाय झाला. दुकानातल्या माशांच्या फ्रीजरला आतून हातभर बर्फ चढला होता. तो मी खरवडला, तीन बादल्या भरल्या, आणि आजीच्या पायरीपुढे नीट पसरला. जमिनीवर बर्फ हवा, तर हा घे जमिनीवर बर्फ. सगळं गाव बघायला जमलं. अल्फियसही आला. तू पाठवलेल्या बुटांपैकी एकेकात त्याचे दोन्ही पाय मावतात, त्यामुळे चालायला त्याला वेळ लागतो.

आजी बाहेर आली. काठीनं बर्फ ढोसला. वास घेतला. म्हणाली, या हिवाळ्याला पिकरल माशाचा वास येतो. मी म्हटलं, आई, बर्फ तो बर्फ. ती म्हणाली, डास चावतोय तोवर हिवाळा नाही. आणि मी उत्तर देणार, तोच एक डास माझ्या मानेला असा डसला की मी सगळ्या गावासमोर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. गाव जे हसलं ते अजून हसतंय.

मग तुझ्या साहेबाची पोती काढली. पांढराशुभ्र भुगा, अगदी नुकत्या पडलेल्या बर्फासारखा. मी आजीच्या अंगणात वरून चाळला. एक कण तिच्या ओठावर पडला. तिनं चाटून पाहिला. म्हणाली, बटाटा. मी म्हटलं, काय बटाटा? तर खरंच, पोत्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: वाळवलेल्या बटाट्याचा भुगा. आजीनं उरलेलं पोतं आत नेलं, मोठ्या भांड्यात पाणी उकळलं, मीठ घातलं, वर लोणी, आणि धुरावरच्या माशांबरोबर सगळ्या गावाला वाढलं. मार्सेला, आम्ही बर्फ जेवलो. मी दोनदा घेतला. आजी ताट पुसता पुसता म्हणाली, आता समजलं तो शहरातला पाहुणा कसा एवढा जाडा झाला.

मंजुरी काही मिळाली नाही. माझा शब्द तळ्यावर चालतो, आजीच्या अंगणात चालत नाही, असं दिसतं.

हा मामा ओशाळला आहे, तरी त्याच्यावर लोभ कर.

सोलोमन

टोरांटो, २० ऑगस्ट

ती. मामांना नमस्कार. आजीच्या त्या भांड्यालाही.

पंधरा तारीख गेली. मी रिकाम्या हातानं प्रेंटिस साहेबांपुढे उभी राहिले आणि बटाट्याची हकिगत जशी तुम्ही लिहिली तशी वाचून दाखवली. ते आधी हसले. मग उठून खोलीत फेऱ्या मारू लागले. मला वाटलं, झालं, आता ढग. पण त्यांनी विचारलं, ही गोष्ट खरंच फक्त बर्फात सांगतात? मी हो म्हटलं. तर टेबलावर हात आपटून म्हणाले, मग पुस्तकही फक्त बर्फात विकायचं! बर्फ वितळला की दुकानांतून उचलून आणायचं! लोक वेडे होतील! ही कल्पना स्वतःचीच आहे असं ते आता सगळ्यांना सांगतात. सांगू देत.

पण अट राहिलीच. दहा नोव्हेंबरच्या आत आजीचं खरं पत्र. नाहीतर शिंगांसकट सगळी चित्रं दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेणार. आजी पाहुण्याबद्दल जे जे बोलली त्यावरून मी सगळी पानं नव्यानं काढली आहेत. शिंगं काढली, मांस काढलं, फासळ्या मोजता येतील असा केला. ती पानं सोबत आहेत. पाकिटावर काही लिहिलेलं नाही.

आता सगळं आकाशावर आहे. ऋण वाढवते आहे तुमचं, ते राहू द्या.

मार्सेला

लून नॅरोज, २७ ऑक्टोबर

चि. मार्सेलास, घाईत आशीर्वाद.

बर्फ नाही. असा कोरडा ऑक्टोबर अल्फियसलाही आठवत नाही, आणि त्याला नसलेल्या गोष्टीही आठवतात. आकाश स्वच्छ, पण रात्री कडाक्याची थंडी, आणि तळ्याच्या कडा गोठू लागल्या आहेत. हीच अडचण. तळं गोठायला लागलं की गस विमान काढून घेतो, आणि बर्फाचा थर विमान पेलण्याएवढा जाड होईपर्यंत पाच-सहा आठवडे टपाल बंद. त्यानं सांगितलं आहे, शेवटची फेरी पाच नोव्हेंबरला. म्हणजे तळं गोठण्याआधी आकाशातून बर्फ पडायला हवा.

मी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी रोज सकाळी अंगणात जाऊन वर बघतो. मामी म्हणते, आकाशाकडून तुझी काही वसुली आहे का?

धीर धर.

मामा

लून नॅरोज, ५ नोव्हेंबर

चि. मार्सेला हीस आजीचा मायेचा हात डोक्यावर. हे पत्र आजी सांगते आहे आणि सोलोमन लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. (थंडीमुळे. सोलोमन.)

आज पहाटेपासून बर्फ पडतो आहे. चार बोटं झाला. गस धक्क्यावर इंजिन चालू ठेवून बसला आहे आणि दर थोड्या वेळानं ओरडतो आहे. सोलोमन सकाळी धावत आला, कोट उलटा घातलेला, आणि म्हणाला, आई, लवकर. मी म्हटलं, आधी चहा. अख्खा उन्हाळा त्यानं मला घाई केली, एक चहा मी त्याला थांबवू शकते. (तीन कप झाले. सोलोमन.)

तुझी नवी पानं मी ऑगस्टमध्येच पाहिली होती, पण तेव्हा बोलायचं नव्हतं. आता बोलते. हा तो आहे. माझ्या आईनं सांगितलेला हाच. फासळ्या बरोबर, ओठ बरोबर. खाताना तो वाढतो आणि त्याची भूकही वाढते हे तू शेवटच्या पानापर्यंत धरलंस, हे मला फार आवडलं. फक्त शेवट बदल. त्याला गोळ्या घालून मारता येत नाही, हे तुझ्या साहेबाला सांग. त्याच्या आत बर्फाचं काळीज असतं, ते उकळती चरबी पाजून वितळवावं लागतं. आणि पाजणारी एखादी म्हातारी असू दे, हातात किटली घेतलेली. शिंगं मूसला परत कर. बर्फ वितळला की पुस्तकं दुकानांतून उचलायची, हे साहेबानं कबूल केलंय ना, ते विसरू देऊ नकोस. एवढं असेल तर माझी मंजुरी आहे.

आता याच्यापुढे त्याचं नाव लिही, असं मी सोलोमनला सांगितलं, म्हणजे कागद पक्का होईल. त्यानं पेन झटकलं. मग म्हणाला, शाई गोठली. मग म्हणाला, गस बोलावतो आहे. बाहेर गेला आहे. म्हणून इथून पुढे मीच लिहिते, आपल्या अक्षरांत, तुला वाचता येतात.

विंडिगो.

बघ, छप्पर जागेवर आहे.

माझी सही खाली केली आहे, ती माझीच आहे. माया तुला कायमची दिलेली आहे, दर पत्रात नव्यानं मागू नकोस.

तुझी,
जोसेफिन आजी

ता. क. सोलोमनची पाटी काल दुकानावर चढली. बारा फुटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे: बोटी भाड्याने मिळतील.