गोपनीय, पण ठळक अक्षरांत

प्रेम नगर, झाशी
मंगळवार

चि. सौ. इंदूस, नीलूदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे तुझी वहिनी ठीक आहे आणि मी तिच्या देखरेखीखाली आहे. तुझे गुडघे, सुभाषचंद्रांचा रक्तदाब आणि अंगणातलं लिंबाचं झाड या तिघांची खुशाली कळवणे. (क्रम मानाचा आहे असं सुभाषचंद्रांनी समजू नये.) गुरसरायला ऊन कसं आहे हे विचारत नाही. इथे आहे तसंच असणार, आणि त्याबद्दल आपल्या दोघांच्या हातात काही नाही.

मोबाइलवर बोलून पाठवलेले तुझे निरोप मिळाले. ते लावून मी भाजी आणायला गेलो, भाजी घेऊन परत आलो, तरी तू बोलतच होतीस. त्यांचं सार मी काढलं ते असं. दुर्गाआत्याने देवळातून येताना बकुळची सायकल आमच्या दवाखान्यासमोर पाहिली. तू विचारलंस तर बकुळ फोनवर ‘काही नाही, आई’ एवढंच म्हणते. सुभाषचंद्रांचं म्हणणं, काही लपवाछपवी असेल तर पोरीला वसतिगृहातून काढून सरळ घरी आणतो, बारावी गेली खड्ड्यात. आणि दादा, तू तर तिथेच काउंटरवर बसतोस, तुला माहीत असणारच, तेवढं सांगून टाक, मी कुणाला बोलणार नाही. (तू कुणाला बोलणार नाहीस यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझं लग्न ठरल्याची बातमी मला तुझ्या मैत्रिणीच्या भावाकडून कळली होती.)

उत्तर पत्राने देतो आहे. एक तर तुझ्या मोबाइलवर आलेलं सगळं सुभाषचंद्र चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात, आणि दुसरं म्हणजे पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. तुझ्या प्रश्नाकडे येतोच. पण मी त्या काउंटरवर कसा बसलो आणि तिथून कसा उठवला गेलो हे आधी कळल्याशिवाय माझं उत्तर तुला पटणार नाही. धीर धर. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारलास, ही चूक तुझी आहे.

होळीनंतर तुझ्या डॉक्टर वहिनीने, कमलिनीने, ठरवलं की शनिवारी दुपारी दवाखाना फक्त शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी ठेवायचा. तिचं म्हणणं असं की ही मुलं डॉक्टरकडे येतात ती आईच्या पाठीमागे उभी राहून. पोरगा सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेली, पोट त्याचं, आणि ‘कल रात से हमारा पेट खराब है’ हे आई सांगते. तो बिचारा छताकडे बघत असतो. जे खरं विचारायचं असतं ते तसंच पोटात घेऊन घरी जातो, आणि मग ते मोबाइलला विचारतो. तेव्हा त्यांनी एकटं यावं, स्वतःच्या तोंडाने बोलावं, बोललेलं त्या खोलीतच राहावं, आणि कुणी त्यांना उपदेश करू नये. (शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं.) काउंटरवरच्या बाईंची शनिवारी दुपारची सुट्टी असते, म्हणून तिथे मला नेमलं. काम दोनच गोष्टींचं: नंबराचा बिल्ला द्यायचा आणि गप्प बसायचं. पैकी बिल्ला देणं मला सुरुवातीपासून चांगलं जमलं.

पण रिकामं बसणं मला मानवत नाही. उपक्रमाला नाव हवं, नावाला पाटी हवी, असं मनात आलं आणि मी पाटी रंगवून आणली. ‘किशोर-किशोरी गोपनीय परामर्श केंद्र’. गोपनीय हा शब्द लाल रंगात आणि इतरांपेक्षा वीतभर मोठा, कारण मुख्य मुद्दा तोच होता. पाटी रस्त्याच्या बाजूला लावली. पलीकडच्या चौकातल्या पानवाल्यालासुद्धा ती चष्म्याशिवाय वाचता येई. पहिल्या शनिवारी मुलं आली. समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीवर उभी राहिली, रस प्यायली, पाटी वाचली, एकमेकांना कोपराने ढोसलं आणि गेली. त्या अक्षरांखालून चालत आत येण्यापेक्षा भर बाजारात दवंडी पिटवणं त्यांना सोपं गेलं असतं, हे मला कमलिनीने संध्याकाळी समजावलं. पाटी आता आमच्या न्हाणीघरात पाणी अडवण्याच्या कामी आली आहे. तिथे ती खरोखर गोपनीय आहे.

पुढच्या शनिवारी मात्र एक जण आला. त्याला आपण देवदत्त म्हणू. (संस्कृतात उदाहरणाला माणूस लागला की देवदत्तच सापडतो, गावाला तोच जातो, भातही तोच शिजवतो.) त्याची हकिगत मी त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे, अट इतकीच की शाळा, मोहल्ला आणि दुखणं यांचा उल्लेख नको. तेव्हा तो कुठल्या तरी मोहल्ल्यातून कशासाठी तरी आला होता, एवढं लक्षात ठेव. आला सायकलवर, पण डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. उन्हाने जीव चाललेला, पंखा गरम हवा फेकतोय, आणि हे महाशय हेल्मेट घालून बाकावर बसलेले, पुढची काच फक्त वर केलेली. मी बिल्ला दिला. मग गप्प बसण्याची वेळ आली.

इंदू, एक गोष्ट तूही कबूल करशील. आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून इतक्या लांब येऊन इतकी वर्षं ही भाषा जतन केली, आणि आपण ती वापरतो मुख्यतः भाजीवाल्यासमोर. ‘जास्त सांगतोय, पुढे चल’ हे या शहरात उघड बोलता यावं म्हणून आपली मराठी टिकून आहे. मी आणि कमलिनीही दवाखान्यात तेच करत आलो. तर मी आतल्या खोलीकडे तोंड करून, पडद्यापलीकडे पोचेल अशा आवाजात मराठीतून कळवलं की एक हेल्मेटवाला आलाय, मान वर करत नाही, बहुधा प्रेमप्रकरण, नाहीतर नापास झाला असणार, आणि नाक ओळखीचं वाटतंय, बापाचंच दिसतं, बाप कोण ते आत्ता आठवतो.

हेल्मेटमधून आवाज आला, “काका, नाक आईची आहे. आणि मी फेल नाही झालो.”

(प्रेमप्रकरणाबद्दल तो काही बोलला नाही. हे मी लिहायला नको होतं. तू वाचायलाही नको होतंस.) त्या क्षणी माणसाने काय करावं? माफी मागावी, पाणी द्यावं, जमिनीत गडप व्हावं. माझ्या तोंडून “आईचं” असं दुरुस्त होऊन बाहेर पडलं. इतक्या वर्षांची सवय आहे, वर्गात कामाला येते. तो उठला, बिल्ला काउंटरवर ठेवला आणि निघाला. ज्यांची मुलं मराठी बोलत नाहीत अशी मराठी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती मुलं ऐकत असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

कमलिनी बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, हा इथपर्यंत यायला किती दिवस धीर गोळा करत असेल, काही कल्पना आहे तुला? म्हणून मी धावलो. एका पायात चप्पल, दुसरी वाटेत सुटलेली. तो सायकलचं कुलूप काढत होता. मला येताना पाहून त्याने पायडल मारलं. आता नाव मला माहीत नाही, हाक कशी मारू? शेवटी प्रेम नगरच्या भर रस्त्यात मी ओरडलो, “अरे बेटा, रुको! तुम्हारा मामला गोपनीय है!” गल्लीतल्या झाडून साऱ्या खिडक्या उघडल्या. समोरचा मोबाइल दुकानवाला विक्रम बाहेर येऊन म्हणाला, “मास्साब, कौन-सा मामला?” मी म्हटलं, कोई मामला नहीं. तो म्हणाला, “फिर गोपनीय क्या है?” मी सुटलेली चप्पल शोधायला लागलो.

त्यानंतर मला काउंटरवरून उठवून मागच्या अंगणात, माठाशेजारी बसवण्यात आलं. कमलिनी शनिवारी दार उघडून वाट बघायची. तिला त्याच्या घरी फोन करता येत नव्हता, शाळेत विचारता येत नव्हतं. करता आलं असतं तरी तिने केलं नसतं.  मग एका शनिवारी मागच्या फाटकातून तेच हेल्मेट आत आलं. माझ्यासमोर थांबलं. मी यावेळी खरोखर गप्प होतो. तो म्हणाला, “दोस्त ने बोला, मैडम ठीक हैं, मास्साब को इग्नोर मारो.” मी मान डोलावली, सल्ला योग्य होता. मग हेल्मेटची काच वर करून, “काका, एक अर्ज आहे. मराठीत नका बोलू. हिंदी में आप कम बोलते हैं.” तो आत गेला. बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा हेल्मेट हातात होतं. नाक खरंच आईचं असावं, कारण ते मला अजिबात ओळखता आलं नाही.

आता मला पुन्हा काउंटर मिळाला आहे, अटींवर. सगळ्यांना मागचं फाटक उघडं असतं, मी रेडिओ मोठा करून ठेवतो म्हणजे आतलं बोलणं बाहेर येऊ नये, आणि कुणी आलं की ‘बैठिए’ एवढंच म्हणतो. मुलं मला घाबरत नाहीत. माझ्याकडे लक्षच देत नाहीत, आणि हे माझ्या नोकरीतलं आजवरचं सर्वांत मोठं यश आहे.

आता तुझा प्रश्न. बकुळ आमच्याकडे येते का, हे मी सांगणार नाही. येत नाही, हेही सांगणार नाही. सायकलचं म्हणशील तर समोर विक्रमचं दुकान आहे, शेजारी मंगौड्यांची गाडी आहे, आणि मुगाची गरम भजी कुणालाही आवडतात. रागावशील, माहीत आहे. मामा असून हा परक्यासारखा बोलतो, म्हणशील. कमलिनीने एवढं लिहायची परवानगी दिली आहे की कुणाच्याही जिवाला धोका दिसला तर ती त्या मुलाला किंवा मुलीला आधी सांगते आणि मग स्वतः आईबापांना फोन करते. तुला तिचा फोन आलेला नाही. रात्री झोप येत नसेल तेव्हा एवढं मनाशी धर. सुभाषचंद्रांना सांग, कुठलीही पोर आपणहून डॉक्टरकडे गेली तर ती शहाणी आहे, आणि शहाण्या पोरीला शाळेतून काढत नाहीत. बाकी माझं म्हणणं एवढंच की बाकावरून उठून, काही न विचारता परत जाणाऱ्याची पाठ मी पाहिली आहे. ती पाठ बकुळची असती, आणि तिला उठवणारा मी असतो, तर तू मला आयुष्यभर घरात घेतलं नसतंस. तेव्हा तुझ्यावरच्या मायेपोटीच तुला काही सांगत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, लिंबाला पाणी.

तुझा,
नीलूदादा

ता. क. आज शनिवार. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं. तू चौकशी केलीस हे कमलिनीने ज्या व्यक्तीला सांगायला हवं तिला आज सांगितलं, आणि काय कळवू असं विचारलं. त्या व्यक्तीने बराच विचार केला, रेडिओवरची तीन गाणी होईपर्यंत. मग म्हणाली, पत्र मीच घेऊन जाते. तेव्हा इंदू, ज्या हाताने हे तुला दिलं तो हात आत्ता तुझ्यासमोरच आहे. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत: “आईला मी सांगेन. बस, आईलाच. पहिलं वाक्य पूरं होईपर्यंत आईने रडायचं नाही, आणि बाबांना तोवर दही आणायला पाठवायचं.” पत्र खाली ठेव. पुढचं नंतर वाच.

ता. क. दुसरा, कमलिनीचा: दही दूरच्या दुकानातून मागवावं.

ता. क. तिसरा, माझा, तिच्या नजरेआड. वर मी मोठा रहस्यांचा राखणदार असल्याच्या थाटात लिहिलं आहे. इंदू, मला काहीएक माहीत नाही. कमलिनी मला चकार शब्द सांगत नाही. मी चहाच्या वेळी विचारून पाहिलं, ‘समज, एक मुलगी आहे, तिला देवदत्ता म्हणू’ असंही विचारून पाहिलं. तिने माझ्या ताटात कारल्याची भाजी वाढली. बकुळनेही ‘मामा, रेडिओ थोडा और तेज करो’ एवढंच म्हटलं. सगळा आठवडा मी भाजी आणायला जातो आणि रिकामी पिशवी घेऊन परत येतो. तर आता खरी विनंती. बकुळ तुला जे सांगेल ते मला सांगू नकोस. मी फोन करीन, आडून विचारीन, लिंबाची चौकशी करीन, गळा काढीन. काही झालं तरी सांगू नकोस.

फक्त ती हसत परत निघाली, तर ‘दही चांगलं लागलं’ एवढं कळव.