पिवळ्यावरून हिरव्यावर

सोमवार, ता. १२. सकाळी ७.००
आज धाकट्या भावाला हॉस्पिटलात नेणार. इमर्जन्सीत. मनाच्या डॉक्टरची साधी अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनंतरची मिळते, आणि हिचं म्हणणं, भावोजींकडे तेवढा वेळ नाही. ही जरा घाबरटच आहे. धाकटा नोकरी सोडून महिनाभर आमच्याकडे राहतोय. शनिवारी जेवता जेवता म्हणाला, जगावंसं वाटत नाही. थकवा असणार.
संकल्प : चिडायचं नाही. सूत्रं आपल्या हातात ठेवायची. वीस वर्षं मुलांना इंटरव्ह्यू द्यायला शिकवतोय, हे काय वेगळं आहे.

सकाळी ८.१५
धाकट्याची दाढी मीच केली, तो नुसता आरशासमोर बसून होता. माझा इस्त्रीचा निळा शर्ट त्याच्या टी-शर्टवर चढवला. पहिली तीस सेकंदं महत्त्वाची. पाठ ताठ, नजरेला नजर, आवाज मोकळा. तीनदा सराव घेतला. तिसऱ्या खेपेला हसलासुद्धा. ही म्हणाली, अहो, त्यांना नोकरी मिळवायची नाहीये. दुर्लक्ष केलं.

९.४०
पोचलो. दाराशीच नर्सचं टेबल. ती तपासून चिठ्ठी देते : लाल म्हणजे लगेच आत, पिवळी तासाभरात, हिरवी जमेल तेव्हा. काय होतंय, असं तिने धाकट्याला विचारलं. तो टेबलावरच्या चिठ्ठ्या बघत होता. उमेदवाराने इतकं थांबलेलं बरं दिसत नाही, म्हणून मीच सांगितलं, की जरा टेन्शन आहे, झोप थोडी कमी, बाकी घरचं वातावरण उत्तम. शनिवारचं वाक्य मुद्दाम गाळलं. पहिल्याच भेटीत निगेटिव्ह बोलू नये. पिवळी मिळाली.

१२.३०
यांचा तासभर तीन तासांचा असतो. हात मोडलेले, डोकं फुटलेले आमच्या मागून आले आणि आत गेले. कोपऱ्यातल्या बाई स्वतःशीच बोलत बसल्यात. वॉचमन म्हणाला, त्या कालपासून इथेच आहेत, वॉर्डात खाट नाही. मनाचा डॉक्टर एकच आणि इमारती दोन. तक्रारपेटीसाठी नऊ मुद्दे लिहून काढले. पेटीची फट चिकटपट्टी लावून बंद केलेली.
धाकटा खिडकीशी उभा. इमारतीला मजले किती, म्हणून विचारलं. सात, म्हटलं. आजूबाजूला लक्ष जायला लागलंय त्याचं. सुधारणा आहे.

२.१०
नर्स पुन्हा विचारायला आली. या वेळी धाकटा स्वतः बोलला, शिकवलं होतं तस्संच. आता बरं वाटतंय म्हणाला, वर थँक्यू. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी बदलली. हिरवी. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. हिरवी म्हणजे रांगेत मागे, हे जरा उशिराच लक्षात आलं. पण प्रगती ती प्रगती.

३.३०
धाकट्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. बाबांचं. तीन वर्षं मागत होतो, देत नव्हता. आज म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच. मोठ्या भावाचा मान राखायचं कळलं एकदाचं. हिला फोनवर सांगितलं तर रडायलाच लागली. भावोजींजवळून हलू नका, नर्सला सगळं खरं सांगा, नाहीतर मी येते. म्हटलं, सगळं आटोक्यात आहे.
फोन ठेवल्यावर घड्याळ मनगटावर बांधलं.

४.४५
कँटीन. धाकट्यानेच पाठवलं, म्हणाला, दादा, सकाळपासून उपाशी आहेस, खाऊन ये. किती काळजी करतो. हिचं बोलणं आठवलं, पण चौतीस वर्षांचा घोडा आहे तो, त्याची काय राखण करत बसायचं. चहा, दोन बिस्किटं. पंधरा मिनिटांत परत.

५.०५
खुर्ची रिकामी. निळा शर्ट घडी करून ठेवलेला. टेबलापाशी कुणी नाही. वॉचमनने पाहिलं नाही म्हणतो. लिफ्ट येत नाही. जिन्याने वर जातोय.

५.३०
गच्चीच्या दाराला कुलूप. जिन्याच्या बाजूने. पायरीवर बसलोय. हिचे चार मिस्ड कॉल. उचलून काय सांगू?

६.१०
सापडला. आतल्या खोलीत, पडद्याच्या मागे. मी कँटीनच्या दिशेला वळताच तो उठून टेबलाशी गेला होता. नर्स म्हणाली, दोन मिनिटांत सगळं बोलला. अकरा रात्री झोप नाही. आज काय करायचं ठरवलंय, तेही सांगितलं. तिने लाल चिठ्ठी दिली आणि स्वतः हाताला धरून आत नेलं. मनाचा डॉक्टर वीस मिनिटांत आला.
मी म्हटलं, अहो, मी सकाळपासून शेजारी बसलोय, तेव्हा का नाही बोलला? तिने सांगितलं, आम्हीही त्यांना हेच विचारलं.
"म्हणाले, दादा शेजारी असला की मला बरं असावं लागतं."
आत येऊन भेटू का, असं मी विचारलं. ती पडद्यामागे जाऊन त्याला विचारून आली. आज नको म्हणाला.