हार्ड डिस्कला हळदकुंकू

करंजाडे,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप उज्ज्वलाआत्या,

रणजीतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांची शुगर? इकडे सगळे मजेत. (खोटं आहे. पुढे वाच.) फोनच करणार होतो, पण तू मला ब्लॉक केलंयस आणि फॅमिली ग्रुपही सोडलायस, म्हणून कागद.

कारण तुला माहितीय. श्रुतीच्या लग्नातून निघताना "वहिनीने माझी ओटी भरली नाही," असं तू म्हणतेस. स्वतःच्या हातांनी भरली, असं आई म्हणते. शेवटी आई म्हणाली, "शूटिंग काढ. होऊन जाऊ दे एकदाचं." शूटिंगवाल्याने न कापलेलं सगळं दोन हार्ड डिस्कवर दिलेलं. ते बघायला घरात एकच मशीन, माझा जुना डेस्कटॉप. त्यावर विंडोज धापा टाकायचं म्हणून मी लिनक्स टाकलंय. (आईच्या मते लिनक्स म्हणजे ज्यांना विंडोज परवडत नाही त्यांचं विंडोज.)

पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. पण आत एकच जागा, आणि तिथे माझी जुनी डिस्क बसलेली. म्हणून नवी एक डीव्हीडीच्या खणात कोंबली आणि दुसरी सुतळीने टांगली. करंटची वायर कमी पडली, ती आणायला पनवेलला गेलो. नेमका दसरा! परत येतो तर आईने उघड्या मशीनची पूजा केलेली. प्रत्येक डिस्कला हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडू. कुंकू कुठे, तर जिथे वायर जाते बरोब्बर तिथे. (ओरडलो, तर म्हणाली, "मग काय हत्याराला कोरडं ठेवू?" म्हणजे बघ, मशीनचा मान राखला गेला.) अर्धा दिवस टूथब्रशने कुंकू काढत बसलो.

मग मशीन चालूच होईना. काळी स्क्रीन आणि इंग्रजीत तंबी. लिनक्समध्ये जी डिस्क आधी जागी होईल तिला पहिलं नाव. थोरली-धाकटी बघत नाहीत. नवी आधी जाऊन बसली, माझी जुनी शेवटी ढकलली गेली, आणि मशीन माझा संसार नवीच्या घरात शोधत बसलं. (ही पद्धत आपल्या लग्नात ठेवली असती तर अक्षतांच्या आधीच मारामारी.) शेवटी महाप्याला नोकरी करणारा माझा मित्र पार्थ फोनवर म्हणाला, "भाई, नाव कशाला देतोस, नंबर दे ना!" प्रत्येक डिस्कचा आधारसारखा लांबलचक नंबर असतो, तो एकेक अक्षर बघून टाकला. मशीन चालू. डिस्क उघडायला गेलो तर म्हणे परवानगी नाही! माझं घर, माझं मशीन, माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि मलाच परवानगी नाही!

तीही मिळवली. पहिल्या डिस्कवर नुसतं ड्रोनचं शूटिंग. मांडवाचं छप्पर, पाण्याचा टँकर. (आणि वरून आतोबांचं टक्कल. सांगू नकोस.) टांगलेली डिस्क लावली तर खट, खट, खट आणि गप्प. गेली. काहीच दिसलं नाही. तेव्हा कोण खरं हे आता कळणार नाही, विषय सोडून द्यावा, असं आईचं म्हणणं. दिवाळीआधीच्या रविवारी ती साताऱ्याला तुझ्याकडे येतेय. सहज.

तुझा,
रणजीत

ता. क. आई भाकऱ्या थापत होती तेव्हा हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलंय. कंसातलं सोडून.

ता. क. २. हे पोस्टाच्या दारात उभा राहून लिहितोय. टांगलेली डिस्क ठणठणीत आहे. करंट कमी पडत होता, वायर बदलल्यावर खटखट थांबली. आईने खुर्ची ओढून शूटिंग बघितलं. ओटी तिने भरलीय, अगदी खण, नारळ, तांदूळ, सगळं. फक्त तुझी नाही, तुझ्या जाऊबाईंची, सुचिताकाकूंची. आहेराच्या साड्या आईनेच एकसारख्या घेतलेल्या, आणि काकू डोक्यावर पदर घेऊन वाकलेल्या. तू मागे उभी होतीस, पर्स दोन्ही हातांनी धरून. आई तेवढंच परत परत मागे घेऊन बघत होती. मग म्हणाली, "डिस्क गेली म्हणून लिही," आणि कपाटातून हिरवा खण काढून पिशवीत ठेवला. तर काम एवढंच. ती दिवाळीचं म्हणून नारळ पुढे करेल, तेव्हा पदर पसर. डिस्कचा विषय निघाला तर नुसतं "अरेरे" म्हण. आणि मला अनब्लॉक कर.

ता. क. ३. कुंकू जरा जास्तच लावेल. मशीनला विचार.