ट्रक शुक्रवारी येईल

आप्पा, ट्रक गुरुवारी सांगितला, तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाबा, वार बघून बोलव. पण तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला शनिवार-रविवार सोडून दुसरे वार दिसेनासे झालेत. आमचं सगळं खातं कंपनीनं चाकणहून होसूरला हलवलंय, तिकडं तामिळनाडूत. एक तारखेला मला तिथं हजर व्हायचंय. तुमची सून तयार आहे, नात रडून-रुसून तयार झाली. आई मात्र काही सांगत नव्हती, ना हो ना नाही. ट्रकवाल्यानं विचारलं, गाडी कधी लावू, तर मी आपलं इथलं शहाणपण चालवलं. गुरुवारी भोसरीतली वर्कशॉपं बंद, रस्ते मोकळे, गाडी गल्लीत थेट दारापर्यंत येते. म्हटलं, गुरुवारी लाव. त्या संध्याकाळपासून आईनं खोक्यात एक वाटीसुद्धा भरली नाही.

मला वाटलं, हिला यायचंच नाही. मग मी काय करायचं? तिला एकटीला इथं ठेवू? एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले. तिला उचलून नेऊ तरी कुठं, जिथं रस्त्यावर कुणाला दोन शब्द विचारायचे तर भाषा येत नाही? रोज ऑफिसच्या बसमध्ये बसलं की मन तळ्यात-मळ्यात खेळायला लागायचं. तळवड्यापर्यंत वाटायचं, न्यायचं. कुरुळी आलं की वाटायचं, राहू दे तिला तिच्या घरात. घर विकत नाहीये, आप्पा, भाड्यानं देतोय. तुम्ही ओव्हरटाइम करकरून घेतलेल्या दोन खोल्या आहेत, त्या विकायची माझी हिंमत नाही.

तुमच्या नातीनं वहीचं पान फाडून शेवटच्या शनिवार-रविवारचा बेत लिहिला आणि फ्रिजला चिकटवला. तेरा वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुट्टी शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घ्यायची म्हणते. शनिवारी सकाळी निगडीची दुर्गा टेकडी, दुपारी रहाटणीच्या मैत्रिणीकडं, संध्याकाळी बर्फाचा गोळा. रविवारी आमरस, आणि उन्हं उतरली की भोसरीच्या तळ्यावर. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘आजीसकट’. आजी घराबाहेर एकाही ठिकाणी आली नाही. टेकडीवर मी फोटो काढत होतो आणि प्रत्येक फोटोत मला आपलं घरच दिसत होतं. कुकर लावून गप्प बसलेली आई. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथं आहात का होसूरला?" खरं तर मी दोन्हीकडं नव्हतो.

गोळा खाताना मला आपले मे महिन्यातले गुरुवार आठवले. तुमच्या वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी, माझ्या शाळेची रविवारी. वर्षभर दोघांची गाठ पडायची ती तुम्ही झोपलेले नाहीतर मी. एकदा मी फणकाऱ्यानं म्हणालो होतो, बाकीच्यांचे वडील रविवारी घरी असतात. तुम्ही दाढी करत होता. आरशातूनच म्हणालात, "आपला रविवार गुरवारी येतो." झालं, एवढंच. मी दुपारपर्यंत रुसून बसलो. पण मे महिना आला की गुरुवार खरंच माझा व्हायचा. तुम्ही मला सायकल घेऊन एमआयडीसीत नेता. इतर दिवशी तिथं ट्रकांमुळं पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी सगळं बंद, ना प्रेसची धाडधाड ना ग्राइंडरचा आवाज, रस्त्यावर नुसतं ऊन आणि कडेला लेथचे निळे कीस. तुम्ही सीट धरून पळताय, मी ओरडतोय की सोडू नका, आणि तुम्ही कधीचंच सोडलंय. मी धाडकन पडतो, गुडघा फुटतो, मी भोकाड पसरतो. तुम्ही हात देत नाही. पाच पावलांवर उभे राहून म्हणता, "पडायचं तेवढं आज पडून घे. उद्या शुक्रवार हाय, ट्रक येत्यात." तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आता मी पोरीला काहीतरी शिकवायला जातो तेव्हा असलं एक वाक्य मला सुचत नाही.

रविवारी आमरसाच्या वाट्या पुढं होत्या आणि माझा तोल गेला. म्हणालो, "आई, तुला यायचंय का नाही ते एकदा सांगून टाक. गुरुवारी ट्रक येतोय आणि तू एक भांडं हलवलं नाहीस."

आई म्हणाली, "येनार की. न्हाई कोन म्हनलं?"

"मग भरत का नाहीस?"

"गुरवारी न्हाई येनार. गुरवारी घर सोडायचं न्हाई."

"का? अमावस्या आहे? काय आहे गुरुवारी?"

"गुरवारी त्ये घरी असत्यात," ती म्हणाली आणि पोरीच्या वाटीत अजून एक पळी रस घातला.

आप्पा, ‘असायचे’ नाही म्हणाली, ‘असत्यात’ म्हणाली. मी तुमच्या सुनेकडं बघितलं. स्वयंपाकघरात गेल्यावर तिला हळूच म्हणालो, आईला डॉक्टरकडं दाखवायला हवं, विसरायला लागलीय का ती? ती उलट माझ्यावरच उखडली. "त्यांना वेडं ठरवायच्या आधी स्वतःचं बघा. अकरा वर्षांत आई गुरुवारी कधी घराबाहेर पडल्यात? तुमच्या मावसभावाच्या लग्नाला गेल्या? दाताचं ऑपरेशन गुरुवारी होतं, ते कुणी पुढं ढकललं?" मला एकही गोष्ट आठवेना. म्हणजे घडलेलं आठवत होतं, गुरुवार आठवत नव्हता. मी गुरुवारी चाकणला असतो. घरात अकरा वर्षं एक वार पाळला जातोय आणि मला पत्ता नाही. हे मन हळवं होण्यासारखं आहे की काळजी करण्यासारखं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

ट्रकवाल्याला फोन केला. म्हटलं, गुरुवार नको, शुक्रवारी या. तो वैतागला. "शुक्रवारी भोसरीत गाडी घालायची म्हणजे डोक्याला ताप हो राव. गुरुवारी काय अडचण आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वडील घरी असतात गुरुवारी." तो म्हणाला, "मग बरंच की, सामान द्यायला हाताला माणूस." मी हसलो. फोन ठेवला.

तर आज गुरुवार. मी रजा टाकून घरी आहे. सगळं सामान बांधून झालंय, कारण सोमवारी सकाळी उठून आईनं रोजची चार भांडी सोडून एका दिवसात अख्खं स्वयंपाकघर खोक्यांत घातलं, माझ्याही आधी. आज ती काय करते ते मी सकाळपासून चोरून बघतोय. मला वाटलं होतं तुमचं ताट वाढेल, फोटोशी बोलेल. तसलं काही नाही. साडेनऊला निवांत कांदेपोहे केले, दुपारी चटई टाकून पडली. फक्त बाहेर गेली नाही. पोरगी म्हणाली, आजी, शेवटचा गोळा खायला चल की. तर म्हणाली, "उद्या वाटंत खाऊ."

दुपारी भाडेकरू आले, चाकणला कामाला जाणारे नवरा-बायको आहेत. त्यांना चाव्या द्यायच्या होत्या. आपल्या तीन चाव्या. माझी आणि बायकोची अशा दोन पुढं ठेवल्या, आईची मागितली तर म्हणाली, हरवली. मी चिडलो. "आजच हरवायची?" उशा उलट्या केल्या, बांधलेली दोन खोकी फोडली. ती शांत बसून बघत होती. शेवटी त्यांना दोनच दिल्या, आम्ही उद्या जाईपर्यंत कडी आतून लावतो म्हणालो. ते गेल्यावर विजेचं रीडिंग लिहून घ्यायला मी जिन्याखाली मीटरची पेटी उघडली. आतल्या खिळ्याला आईची चावी होती, हिरव्या नाडीत ओवलेली. घरात कुणी नसलं की पहिल्या पाळीहून तुम्ही याल म्हणून ती अडकवायची, त्याच खिळ्याला. मी पेटी बंद केली. भाडेकरूला फोनवर रीडिंग सांगितलं. चावीचं बोललो नाही.

हे पत्र कुठं ठेवायचं तेही सुचत नाही. त्या पेटीत ठेवलं असतं, पण महिनाअखेर रीडिंगवाला घेऊन जाईल. होसूरला माझ्याबरोबरच येईल ते, कुठल्यातरी फायलीत.

एक सांगतो, आईला अजून सांगितलेलं नाही. ट्रक उद्या सकाळी नऊला येतोय. आमचं सामान ते काय, बारापर्यंत भरून होईल. तरी मी ड्रायव्हरला सांगितलंय, भरायला फार वेळ लागेल, चारच्या आत निघायचं नाही. तुमची पहिली पाळी साडेतीनला सुटते.