छातीत आवळणारा कोट

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग फक्त कागदावर. आपण तो उभ्याउभ्याच स्वीकारावा.) खरं तर 'तीर्थस्वरूप' म्हणण्याइतके आपण माझ्याहून मोठे नाहीत, पण 'प्रिय' लिहिलं असतं तर हा काहीतरी मागणार असं समजून आपण चष्माच काढून ठेवला असता. आपला गुडघा कसा आहे? अक्कांचं ब्लडप्रेशर? वजनमापं खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आपण भाजीवाल्याचा काटा तपासूनच भाजी घेता, असं मध्यंतरी कानावर आलं. ऐकून बरं वाटलं. काही माणसांची प्रकृती ठणठणीत आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही.

माझ्या प्रकृतीबद्दल आपण मागच्या पत्रात विचारलं होतं आणि उत्तराची वाट न पाहता लगेच खाली उपायही लिहिला होता, की जरा फिरत जा. फिरतच होतो. घरून निघायचो, दुकानाच्या शटरपर्यंत यायचो, किल्ली हातात घ्यायचो आणि परत जायचो. असं साडेचार महिने केलं. दुःख म्हणावं तर रडू येत नव्हतं. भूक, झोप, राग, यांतलंही काही वेळेवर येत नव्हतं. चिमणी जाऊन (आपण माझ्या बायकोला शेवटपर्यंत याच नावानं हाक मारलीत, म्हणून मीही तेच लिहितो) तोवर वर्ष उलटलं होतं, त्यामुळे लोकांच्या लेखी माझी मुदतही संपली होती. शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्त, नाडी, छाती असं सगळं तपासून सगळं मापात असल्याचं सांगितलं आणि चिठ्ठीवर 'डिप्रेशन' असं लिहिलं. त्यांचं अक्षर मला जन्मात पहिल्यांदा लागलं.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांच्या जोडीला फोनवरच्या एक समुपदेशक बाई दिल्या. दर बुधवारी तीन वाजता, पाऊण तास, समोरासमोर पण आपापल्या गावी. बाई कुठे राहतात मला ठाऊक नाही. त्यांच्या मागे एक कुंडी दिसते आणि अधूनमधून मांजराची शेपटी. घरी बोलावं तर शेजारणीचे कान तिखट, म्हणून दुकानातली ट्रायल रूम पक्की केली. अडीच फूट बाय तीन, एक स्टूल, एक आरसा, एक पडदा. पहिल्या बुधवारी मला फोन कसा धरायचा ते कळेना. मी तो मांडीवर आडवा ठेवला होता, त्यामुळे अर्धा तास बाईंनी छतावरच्या पंख्यालाच धीर दिला. दुसऱ्या बुधवारी प्रश्नावली झाली. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही, असं किती दिवस? उत्तरं ठरलेली: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. पाव इंचाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला 'जवळजवळ' म्हणजे काय ते कळत नाही, पण भरलं. बेरीज सतरा आली. छातीला की कमरेला, असं मी विचारलं. बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढचे बुधवार बरे गेले. बाई बोलतात कमी आणि थांबतात फार. सुरुवातीला वाटायचं नेटवर्क गेलं, मग कळलं की त्या ऐकताहेत. शटर उघडायला लागलं. काजं-बटणं करणाऱ्या मावशींना मी परत बोलावलं. त्यांनी आल्या आल्या, कुठे उलथला होतात, एवढीच चौकशी केली आणि सुईत दोरा ओवला.

आता मुख्य हकीकत. सातव्या बुधवारी बँकेतला कॅशियर निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला कोट घालून बघायला नेमका तीन वाजता आला. ट्रायल रूम त्याला द्यावी लागली, म्हणून मी कापायच्या टेबलावर फोन ठेवून बाईंशी बोलत बसलो. पाचच मिनिटांत बाईंचं चित्र थिजलं, तोंड उघडं ते उघडंच. असं झालं की थोडा वेळ जातोच, म्हणून मी टाचण्या आणायला मागच्या खोलीत गेलो. तेवढ्यात बाई परत आल्या, चित्र नाही, नुसता तुटक आवाज, आणि त्यांनी मायेनं विचारलं, "आता मोकळेपणानं सांगा. कसं वाटतंय?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न पडद्याकडे तोंड करून विचारतात आणि उत्तर पडद्यामागून येतं. कॅशियरनं ते दिलं. छातीत आवळतंय, म्हणाला, खांद्यावर नुसतं ओझं झालंय, श्वास घ्यायची सोय नाही. हे कधीपासून, असं बाईंनी विचारलं. मागच्या वेळीही सांगितलं होतं पण ऐकतो कोण, असं तो म्हणाला. सोबत कोणी आहे का? कोणी नाही हो, एकटाच उभा आहे अंधारात. (ट्रायल रूमचा दिवा गेलाय, ती चूक माझी.) मग काय करावंसं वाटतं? यावर कॅशियर कातावून म्हणाला, "आज याचा सोक्षमोक्ष लावून टाकू!" नेटवर्कनं त्यातला 'सोक्ष' खाल्ला. बाईंच्या कानापर्यंत फक्त मोक्ष पोचला आणि लाईन कटली. हे सगळं मला मावशींकडून कळलं. त्या शेजारीच बसून काजं करत होत्या. मध्ये बोलला का नाहीत विचारलं तर म्हणाल्या, मला वाटलं त्यांचेपण उपचार चाललेत.

बाईंनी माझी फाईल उघडली. संकटात कुणाला कळवायचं, ती जागा कोरी होती. मग त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर दवाखाना तसाच टाकून, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून धावत आले, तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून कॅशियरच्या पायाशी बसलो होतो. त्यांना नेमकं कुणाला वाचवायचं ते ठरवायला मिनिटभर लागलं. कोट मी सैल करून दिला. कॅशियर मात्र त्यानंतरही बराच वेळ स्टुलावर बसून राहिला आणि जाताना बाईंचा नंबर मागून घेऊन गेला.

पुढच्या बुधवारी बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी नियम सांगितला. ती कोरी जागा भरल्याशिवाय त्यांना पुढे चालू ठेवता येत नाही. साडूभाऊ, आपण हसाल, पण मला बुधवार हवा आहे. मंगळवारी मी दाढी करतो. या पंधरवड्यात दोन पँटी कापल्या आणि दोन्ही बरोबर आल्या. हे बंद झालं तर मी पुन्हा शटरपाशी उभा राहीन, याची मला भीती वाटते. तेव्हा ती जागा मी भरून टाकली.

बाकी सर्व ठीक. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, पण आपला किती आहे ते आपणच तोलून कळवावं.

आपला,
धाकटा साडू

ता. क. हे पत्र अक्कांना वाचून दाखवू नये. उगाच डोळ्यांत पाणी आणतील.

ता. क. दुसरा. त्या जागेत नाव आपलं लिहिलं आहे. न विचारता लिहिलं, याबद्दल क्षमा असावी. नातं मात्र लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. पती-पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, मित्र, इतर. साडू नाही. 'मित्र' म्हटलं तर आपण हरकत घ्याल. 'इतर'वर बोट नेलं होतं, पण चिमणीच्या वेळी आपण त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी अकरा दिवस बसलात, त्या माणसाला 'इतर'मध्ये टाकायला बोट धजेना. दोन बहिणींमुळे आपण एकमेकांचे झालो, त्यांतली एक गेली, आता आपण माझे कोण लागता ते मलाही नीट सांगता येत नाही. मी 'भाऊ' दाबलं. सोमवारी बाई खात्री करायला आपल्याला फोन करतील. आपल्याला खोटं खपत नाही हे मी जाणतो. एकदाच हो म्हणा.

ता. क. तिसरा. अक्कांना वाचून दाखवलंत तरी चालेल. आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी, असं बाईंनी विचारलं, तर सांगा, अक्कांचं आणि चिमणीचंही आडनाव वेगळंच होतं.