नाल्याकडच्या ओळी

४ सप्टें., वरूड
डेन्मार्कहून येऊन दीड महिना झाला. तरी सकाळी जाग येताना क्षणभर कळत नाही, कुठल्या घरात आहे. आज वाटलं, खाली इंगर कॉफी करतेय. मग आईची हाक आली. शाळेच्या विद्यार्थी-अदलाबदलीत वर्षभर इंगरच्या घरी राहिले, तिथेच सोळाची सतराची झाले; अर्धी मी अजून तिच्या स्वयंपाकघरातच बसलेय बहुतेक.
बागेत गेले. संत्री हिरवीगार. नाल्याकडच्या झाडांच्या चार ओळींखाली मात्र गळलेल्या कच्च्या फळांचा सडा. बाबा ती उचलून घेत होते. परवा अमरावतीचा व्यापारी येणार. सौदा झाडावरच, अख्ख्या बागेचा.

६ सप्टें.
व्हायचं ते झालं. बाबा व्यापाऱ्याला रस्त्याकडच्या झाडांतूनच फिरवत होते. सगळेच तसं करतात. मी चहा घेऊन गेले, तर त्याने सहज विचारलं, "काय बाई, तिकडं नाल्याकडं कसं हाये?"
म्हटलं, "तिथे गळ खूप आहे."
इतकंच. इंगरने जुनी सायकल विकली तेव्हा गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगून टाकलं होतं, पावसात ब्रेक लागत नाही म्हणून. तो हसला नि सायकल घेऊन गेला. वाटलं, हाही हसेल.
चहा अर्धा टाकून निघाला. म्हणे, कळवतो.

७ सप्टें.
फोन नाही त्याचा. बाबा बोलत नाहीत. आई बोलली, "सालभर झाडायले पाणी देलं त्या मानसानं. तुले एक घडी चूप राहता नाही आलं?"
खूप रडले. खोटं सांगायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही. आणि बाबांचा चेहरा पाहवत नाही.
संध्याकाळी अंगणात बाबा एकदम म्हणाले, "तिथं लोकं खोटं बोलतच नाहीत काय वं?"
म्हटलं, बोलतात. आभाळ किती वेळ केशरी होतं.

९ सप्टें., परतवाडा
आज दुसरा व्यापारी येणार होता, म्हणून कालच माझी मावशीकडे रवानगी. एस.टी.त बसवताना बाबा, "राय चार दिवस मावशीजवळ." कारण दोघांनाही ठाऊक. खिडकीतून मेळघाटचे डोंगर निळे, जवळ येतायत, येतायत… झोप की जाग, कळेना.
अकराला बाबांचा फोन. आवाज दबका. "बाजूले येऊन बोलून राहिलो. हा बी नाल्याकडचं इचारून राहिला. काय सांगू?"
जिभेवर आलं होतं, सांगा, गळ नाही म्हणून. अगदी टोकावर. मी!
"बाई, हायेस ना?"
"हो."
मग बाबांनीच फोन ठेवला.
तेव्हापासून मावशीच्या गच्चीवर बसलेय. जेवले नाही. घरी फोन करायचं धैर्य होत नाही. बाबांनी खरं सांगितलं असेल, याचीच भीती वाटतेय.